झेल सुटतो तो हातांतून कीं डोळ्यांतून?

गेल्या जानेवारींत आमच्या शाळेच्या क्रीडासप्ताहांत आठवी आणि नववी या दोन वर्गांचा क्रिकेटचा सामना चालला होता. दुपारचे साडेचार वाजले असतील. फलंदाजानें उंच टोलविलेला एक चेंडू सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या आठवींतील एका मुलाकडे सरळ आला. मुलगा जागचा हलला नाहीं. चेंडू त्याच्या खांद्यावरून मागें गेला, तेव्हां कोठें त्याचे हात वर झाले. मंडपांत हशा पिकला, आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांमागून एक खणखणीत आवाज आला, "डोळे फुटले काय रे तुझे?"

हा प्रश्न आपल्याकडील प्रत्येक मैदानावर ऐकूं येतो. विचारणारास उत्तराची अपेक्षा नसते. तो केवळ आपला राग बाहेर टाकीत असतो. परंतु त्या दिवशीं धावफलकापाशीं बसलों असतां माझ्या मनांत आलें कीं, हाच प्रश्न रागानें न विचारतां कोणी खरोखरीच विचारील तर किती बरें होईल! संघनिवडीच्या वेळीं आम्ही मुलांची उंची पाहतों, शंभर मीटर धांवण्यास किती सेकंद लागतात तें घड्याळ लावून पाहतों, कोणाचा खांदा बळकट आहे तें पाहतों. चेंडू त्यांस दिसतो कीं नाहीं, एवढें मात्र कोणी पाहत नाहीं. मला या लेखांत जें सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, एखाद्या मुलास भित्रा, आळशी किंवा वेंधळा ठरविण्यापूर्वीं त्याचे डोळे तपासणें हें क्रीडाशिक्षकाचें पहिलें कर्तव्य आहे, आणि तें आम्हां शिक्षकांकडून फारसें पाळलें गेलेलें नाहीं. 'आम्हां' या शब्दांत मी स्वतःस वगळीत नाहीं.

सतरा वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका गांवीं शिक्षक होतों. इंग्रजी आणि इतिहास हे माझे विषय. परंतु महाविद्यालयांत असतांना थोडेंबहुत क्रिकेट खेळलों होतों, म्हणून शाळेचा संघहि माझ्याच गळ्यांत पडला. त्या संघांत नववींतील एक मुलगा होता. पायांनीं चपळ, अंगानें काटक. सकाळीं सातच्या सरावाला तो बरा खेळे, जमिनीवरून आलेले जवळचे चेंडू सफाईनें उचली. परंतु सामने होत ते तिसऱ्या प्रहरीं. आणि सामन्यांत उंच चेंडू आला कीं हा मान फिरवी, डोळे मिटी आणि झेल सोडी. एकदां नव्हे, पांच-सहा वेळां असें झालें. मीं त्यास समजाविलें, नंतर रागें भरलों, आणि शेवटीं एके दिवशीं सर्व मुलांच्या देखत त्यास 'भित्रा' म्हटलें. जिल्ह्याच्या सामन्यांसाठीं जो संघ गेला त्यांतून त्याचें नांव मींच काढलें. त्या दिवसानंतर तो मैदानाकडे फिरकला नाहीं. वर्गांत मात्र तो चौथ्या बांकावरून पहिल्या बांकावर येऊन बसूं लागला. तें मला अभ्यासाची गोडी लागल्याचें लक्षण वाटलें, आणि मीं त्याच्या वडिलांना तसें मोठ्या समाधानानें सांगितलेंहि!

पुढें चार-पांच वर्षांनीं तो मला एस. टी. च्या स्थानकावर भेटला. नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता. नमस्कार करून म्हणाला, "सर, कॉलेजांत गेल्यावर डोळे तपासले. नंबर उणे तीन निघाला. चष्मा लावून दुकानाच्या बाहेर आलों, तों समोर लिंबाचें झाड होतें. त्याचीं पानें मला सुटीं सुटीं दिसलीं. तोंवर मला वाटे कीं, लांबचें झाड सर्वांनाच हिरव्या ढिगासारखें दिसतें." मग थोडा थांबला आणि हंसून म्हणाला, "चेंडूहि अगदीं तोंडाशीं आला म्हणजे दिसे, सर. आणि ऊन समोर असलें तर तेव्हांहि नाहीं." त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. असती तर मला बरें वाटलें असतें.

उणे तीन म्हणजे काय, हें कित्येक पालकांस ठाऊक नसतें. अशा डोळ्यास सुमारें तेहतीस सेंटिमीटर, म्हणजे साधारण एका फुटापर्यंतचें स्पष्ट दिसतें. त्यापलीकडील सर्व वस्तु पुसट होत जातात. पुस्तक एका फुटावरच धरलें जातें, म्हणून असें मूल वाचनांत कोठेंहि अडखळत नाहीं आणि घरच्यांस संशय येत नाहीं. लांबचें पाहतांना तें डोळे किलकिले करतें. त्यानें थोडें अधिक स्पष्ट दिसतेंहि, कारण पापण्यांच्या अरुंद फटींतून येणारे किरण डोळ्याच्या पडद्यावर कमी पसरतात. पण किलकिल्या डोळ्यांनीं, धांवतां धांवतां, आकाशांतून येणाऱ्या चेंडूचा अदमास घेणें ही निराळी गोष्ट आहे. सर्वांत मोठी अडचण अशी कीं, मूल तक्रार करीत नाहीं. आपणांस कमी दिसतें हें कळण्यासाठीं पूर्वीं कधीं तरी अधिक दिसलेलें असावें लागतें.

'चेंडूवर नजर ठेव' हा आम्हां सर्व प्रशिक्षकांचा ठरलेला उपदेश आहे. तो पुरा खरा नाहीं. ताशीं १४० किलोमीटर वेगानें टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातांतून सुटून फलंदाजापर्यंत सुमारें अर्ध्या सेकंदांत येतो. मायकेल लँड व पीटर मॅक्लाउड या ब्रिटिश संशोधकांनीं फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल टिपणारें साधन लावून जो अभ्यास केला तो २००० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें कीं, फलंदाज चेंडूचा सर्व मार्गभर पाठलाग करीतच नाहीं. चेंडू हातांतून सुटतांना तो पाहतो; मग त्याची नजर चेंडूच्या पुढें उडी घेऊन तो जेथें टप्पा घेईल त्या जागीं जाऊन थांबते; आणि टप्प्यानंतर पुन्हां थोडा वेळ चेंडूबरोबर जाते. कुशल फलंदाजाची ही उडी लवकर पडते. अर्थात् चेंडू कोठें पडेल हें त्यास तो पडण्यापूर्वींच कळलेलें असतें. गोलंदाजाचें मनगट, बोटांची पकड, खांद्याची फिरकी, चेंडूच्या वाटेचा पहिला अंश, एवढ्यावरून तो पुढचें वाचतो. हें एक प्रकारचें वाचनच आहे, आणि तें हजारों चेंडू पाहून शिकावें लागतें.

येथें कोणी म्हणेल, मग तर डोळे मध्यम असले तरी भागेल! आक्षेप पोकळ नाहीं, आणि त्याच्या बाजूनें पुरावाहि भरपूर आहे. ऑस्ट्रेलियांत कुशल फलंदाजांस मुद्दाम पुसट दाखविणारीं भिंगें डोळ्यांत घालून खेळविण्याचे प्रयोग झाले. मध्यम गतीच्या गोलंदाजीपुढें बरीच अस्पष्टता येईपर्यंत त्यांचा खेळ फारसा बिघडला नाहीं. जलद गोलंदाजीपुढें तो त्याआधीं बिघडला. डॉन ब्रॅडमन यांच्याएवढी तीक्ष्ण दृष्टि दुसऱ्या कोणास नसेल असें सर्व जग समजत होतें. परंतु महायुद्धांत ते सैन्यांत दाखल झाले असतां तेथील नेहमींच्या तपासणींत त्यांची दृष्टि अधू निघाली! दक्षिण कोरियाचा धनुर्धर इम डाँग-ह्यून याची नजर इतकी मंद कीं, डाव्या डोळ्यानें त्यास साधारण माणसाच्या एकदशांश अंतरावरूनच तितकें स्पष्ट दिसे. तरी त्यानें २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें ७२० पैकीं ६९९ गुण मिळवून जागतिक विक्रम केला. अमेरिकेची मार्ला रनियन कायद्यानें अंध गणली गेलेली धांवपटू. ती २००० सालीं सिडनी येथील ऑलिंपिकमध्यें १५०० मीटरच्या अंतिम शर्यतींत आठवी आली.

हीं सर्व उदाहरणें मला मान्य आहेत. पण तीं नीट पाहावींत. धनुर्धराचें लक्ष्य हलत नाहीं, आणि त्याचीं रंगीत वर्तुळें पुसट दिसलीं तरी मध्य कोठें आहे तें कळतें. धांवणारास चेंडू झेलावयाचा नसतो. आणि प्रयोगांतील फलंदाज हे खेळ पक्का शिकलेले, प्रौढ खेळाडू होते. ज्यास अक्षरें येतात तो पुसट छापलेलें वर्तमानपत्रहि वाचून काढतो. परंतु ज्याची अक्षरओळख व्हावयाची आहे त्याच्या हातीं पुसट पाटी देऊन कसें चालेल? गोलंदाजाचें मनगट ज्या मुलानें कधीं स्पष्ट पाहिलेंच नाहीं, तो तें वाचावयास शिकणार कोठून? हें माझें मत आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे. तथापि मन्सूर अलीखान पतौडी यांचें चरित्र मला याच बाजूचें वाटतें, आणि तें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. कारण आमच्या बक्षीससमारंभांतील भाषणांत त्याचा जितका दुरुपयोग होतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाचा होत असेल.

पतौडी हे इंग्लंडांत विंचेस्टर येथील शाळेंत असतांना १९५९ च्या एका हंगामांत त्यांनीं १०६८ धावा केल्या व त्या शाळेंतील डग्लस जार्डीन यांचा जुना विक्रम मोडला. तेव्हां त्यांचे दोन्ही डोळे शाबूत होते. १ जुलै १९६१ रोजीं होव्ह या गांवीं त्यांच्या मोटारीस अपघात झाला, कांचेचा तुकडा उजव्या डोळ्यांत गेला आणि त्या डोळ्याची दृष्टि जवळजवळ नाहींशी झाली. वय अवघें वीस. पुढें 'टायगर्स टेल' या आत्मकथनांत त्यांनीं आपली त्या वेळची अवस्था वर्णिली आहे. भांड्यांतून पेल्यांत पाणी ओतूं गेलें तर तें पेल्याबाहेर पडे. डोळ्यांत भिंग घालून फलंदाजीस उभे राहिले तर एकाऐवजीं दोन चेंडू येतांना दिसत, आणि त्यांतील आंतल्या बाजूचा चेंडू खरा मानून ते खेळत. नंतर टोपी उजव्या डोळ्यावर ओढून एका डोळ्यानें खेळण्याची त्यांनीं संवय केली. अपघातास सहा महिने होतात न होतात तोंच, डिसेंबर १९६१ मध्यें, ते दिल्लीस इंग्लंडविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळले; जानेवारींत मद्रासेस त्यांनीं १०३ धावा केल्या; आणि मार्च १९६२ मध्यें नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यास चेंडू लागून ते जायबंदी झाले तेव्हां एकवीस वर्षांचे पतौडी भारताचे कर्णधार झाले. एकंदर ४६ कसोटी सामन्यांत त्यांनीं २७९३ धावा केल्या व सहा शतकें ठोकलीं.

या पराक्रमापुढें कोण नतमस्तक होणार नाहीं? परंतु यावरून "पतौडी एका डोळ्यानें खेळले, तुला दोन डोळे असून खेळतां येत नाहीं?" असें जें आम्ही मुलांस म्हणतों तें शुद्ध अज्ञान आहे. पतौडी वीस वर्षेंपर्यंत दोन उत्तम डोळ्यांनीं खेळ शिकले होते; आपल्या एका डोळ्यास दिसत नाहीं हें त्यांस पक्कें ठाऊक होतें; आणि त्याप्रमाणें त्यांनीं आपला खेळ समजून-उमजून बदलला. आमच्या आठवींतील मुलास यांपैकीं कोणती गोष्ट लाभली होती?

डोळ्याच्या दोषाइतकाच दुसरा एक विषय आम्ही दुर्लक्षितों, तो उजेडाचा. भर उन्हांत मैदानावर एक लाख लक्सपर्यंत प्रकाश असतो. वर्गाच्या खोलींत तीन-चारशें लक्स असला तरी पुष्कळ. बुबुळाच्या मध्यावरील छिद्र लहान-मोठें होऊन डोळा या दोन जगांशीं जुळवून घेतो, पण त्यास कांहीं वेळ लागतो. अंधारांतून उजेडांत येतांना एखादा मिनिट पुरतो. उजेडांतून अंधारांत जातांना डोळ्यास पुरतें सरावण्यास वीस-तीस मिनिटेंहि लागतात. अनुभवी फलंदाज आपली पाळी येण्यापूर्वीं खोलींत न बसतां बाहेर उघड्यावर बसतात तें यासाठींच. आमचीं मुलें मात्र सातव्या तासाची घंटा होतांच पावसाळी अंधाऱ्या वर्गांतून थेट खेळपट्टीवर जातात.

शिवाय सूर्य कोणत्या बाजूस आहे हा प्रश्न आहेच. क्रिकेटची खेळपट्टी शक्यतों दक्षिणोत्तर असावी असा संकेत आहे. न्यूझीलंडांतील नेपियर येथील मैदानाची खेळपट्टी पूर्व-पश्चिम आहे. २३ जानेवारी २०१९ रोजीं तेथें भारत व न्यूझीलंड यांचा एक दिवसाचा सामना चालू असतां मावळतीचा सूर्य फलंदाजांच्या डोळ्यांवर येऊं लागला, आणि पंचांनीं सुमारें अर्धा तास खेळ थांबविला. पाऊस नाहीं, वादळ नाहीं, केवळ ऊन डोळ्यांवर येतें म्हणून सामना थांबला! वर्तमानपत्रांनीं त्याची गंमत केली, पण मला पंचांचें कौतुक वाटलें. आमच्या शाळेचें मैदानहि पूर्व-पश्चिमच आहे, कारण एका अंगास वसतिगृहाची भिंत व दुसऱ्या अंगास रस्ता. साडेचार वाजतां पूर्वेच्या सीमेवर उभ्या राहणाऱ्या मुलाच्या तोंडावर सरळ तिरीप येते. जगांतील उत्तमोत्तम खेळाडूंसाठीं ज्या कारणानें खेळ थांबतो, त्याच कारणासाठीं आमचा तेरा वर्षांचा मुलगा भित्रा ठरतो.

कांहीं मुलांस हा उजेड इतरांपेक्षां कितीतरी अधिक जाचतो. आपल्याकडील उष्ण व धुळीच्या मुलखांत उन्हाळा येऊं लागला कीं कित्येक मुलांचे, विशेषतः पांच ते पंधरा वर्षांच्या मुलग्यांचे, डोळे लाल होतात, खाजतात, चिकट पाणी येतें, आणि ऊन अगदीं सोसवत नाहीं. हा एक ओळखीचा ॲलर्जीचा विकार आहे; बहुतेकांचा तो वयाबरोबर जातो. पण तोंवर हीं मुलें सारखे डोळे चोळीत असतात, आणि चोळण्यानें बुबुळाचा आकार बिघडण्याचा धोका असतो. याहून वाईट असें कीं, औषधाच्या दुकानांतून चिठ्ठीवांचून आणलेले स्टिरॉइडचे थेंब घरोघर घातले जातात. त्यांनीं खाज चटकन् थांबते. परंतु महिनेन् महिने घातल्यास काचबिंदु किंवा मोतीबिंदु होतो. पालकांनीं कृपा करून हें वाक्य दोनदां वाचावें. ज्यांच्या अंगांतच रंगद्रव्य कमी असतें अशा गोऱ्याफटक मुलांचे डोळे तर उन्हांत अक्षरशः उघडत नाहींत, व त्यांची दृष्टिहि जन्मतः मंद असते. अशा मुलास 'डोळे उघड' म्हणून दटावणें हें लंगड्यास 'नीट चाल' म्हणण्यासारखें आहे.

दिवस मावळतांना निराळाच प्रकार होतो. बोहेमियांतील शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पाहिलें कीं, संधिप्रकाशांत तांबडा रंग सर्वांआधीं काळवंडतो आणि निळा-हिरवा उजळ वाटूं लागतो. डोळ्यांतील ज्या पेशी रंग ओळखतात त्या अंधुक प्रकाशांत मागें पडतात, आणि ज्या पेशी काम हातीं घेतात त्यांस तांबडा रंग जवळजवळ दिसतच नाहीं. म्हणून सायंकाळीं लाल चेंडू एकाएकीं नाहींसा होतो. दिवस-रात्र कसोटी सामना प्रथम २७ नोव्हेंबर २०१५ रोजीं ॲडिलेड येथें सुरू झाला तेव्हां गुलाबी चेंडू निवडावा लागला तो अशाच अडचणींमुळें. भारतानें असा पहिला सामना २२ नोव्हेंबर २०१९ पासून कलकत्त्यास बांगलादेशाविरुद्ध खेळला. पण गुलाबी चेंडूनेंहि सर्वांचें भागत नाहीं. ऑस्ट्रेलियाचा सलामीचा फलंदाज ख्रिस रॉजर्स रंगांध होता, आणि अशांस हा चेंडू ओळखणें जड जातें. आमच्या मैदानावर तर दिवेलागणीनंतरहि 'शेवटचें षटक, शेवटचें षटक' करीत खेळ लांबविला जातो. त्यांत एखादा मुलगा नेहमींच चांचपडत असेल, तर त्याच्या आहारांत अ जीवनसत्त्व कमी पडून तो रातांधळा तर होत नाहीं ना, हेंहि पाहावें.

उजेडाशीं झगडण्याचीं साधनें साधींच आहेत. टोपीचा पुढचा पडदा हें सर्वांत स्वस्त. वेस्ट इंडीजचे चंद्रपॉल डोळ्यांखालीं काळ्या पट्ट्या चिकटवून खेळत. त्याची मुलें नक्कल करीत. येल विद्यापीठांतील नेत्रतज्ज्ञांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत असें दिसलें कीं, डोळ्यांखालीं गालावर फांसलेलें काळें मलम उन्हांत वस्तु ठळक दिसण्यास थोडें साहाय्य करतें. चिकटपट्ट्यांचा मात्र तसा उपयोग दिसला नाहीं. (यावरून डोळ्यांत काजळ घालण्याची शिफारस मी करतों असें आमच्या आजीबाईंनीं समजूं नये.) कित्येक शाळांत मात्र शिस्तीच्या नांवाखालीं टोपीस बंदी आणि काळ्या चष्म्यास हंसें! गणवेषांत टोपी नाहीं म्हणून ती डोक्यावरून काढावयास लावणारा शिक्षक मीं पाहिला आहे. त्याची स्वतःची खुर्ची अर्थातच सावलींत होती.

चष्म्याची थट्टा हा तर आमच्या समाजाचा जुना रोग आहे. चष्मा लावून मैदानांत आलेल्या मुलास 'ढापण्या' म्हटलें जातें, आणि तो दुसऱ्या दिवसापासून चष्मा दप्तरांत ठेवून येतो. क्लाइव्ह लॉइड यांनीं १९७५ सालीं विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत १०२ धावा केल्या त्या चष्मा लावून, आणि नरेंद्र हिरवाणी यांनीं १९८८ च्या जानेवारींत मद्रासेस आपल्या पहिल्याच कसोटींत त्याच वेस्ट इंडीजचे सोळा बळी घेतले तेहि चष्मा लावूनच, हें या टवाळखोरांस कोणी सांगत नाहीं. साध्या कांचेचा चष्मा खेळतांना धोक्याचा, हें खरें. त्यासाठीं न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटचीं भिंगें व डोक्यामागून बांधावयाचा पट्टा मिळतो. हुतूतूसारख्या अंगलटीच्या खेळांत चष्मा उतरावाच लागतो, पण तेथें लांबचें पाहण्याचें कामहि कमी. खो-खोंत तर निम्मा खेळ कानावर चालतो. मंद दृष्टीचीं मुलें आपोआप या खेळांकडे वळतात असें मला पुष्कळदां दिसलें आहे. आनंदानें वळलीं तर उत्तमच. हाकलून लावलीं म्हणून वळलीं असतील तर मात्र विचार केला पाहिजे.

मुलींची गोष्ट याहून बिकट. मुलीस चष्मा लागला तर लग्न जमण्यास अडचण येईल, या भीतीनें तिचे डोळे तपासूंच न देणारे सुशिक्षित आईबाप आजहि आहेत. अशी मुलगी मैदानावर एकदां चेंडू नाकावर घेते, आणि मग जन्मभर 'मला खेळाची आवड नाहीं' असें सांगत राहते.

या सर्वांत मला अधिक दुःख ज्याचें होतें तें असें. चीनमधील ग्वांगझौ शहरांतील शाळांत एक मोठा प्रयोग झाला. त्याचा वृत्तान्त २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. पहिलींतील कांहीं मुलांस शाळेंत रोज चाळीस मिनिटें अधिक घराबाहेर, मोकळ्या उजेडांत ठेवलें, बाकीच्यांस नेहमींप्रमाणें. तीन वर्षांनीं पाहतां, नेहमींप्रमाणें वाढलेल्या मुलांपैकीं शेंकडा ३९.५ मुलांस लांबचें कमी दिसूं लागलें होतें. बाहेर खेळलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ३०.४ होतें. म्हणजे जो उजेड मुलाचे डोळे दिपवितो तोच उजेड वाढत्या डोळ्याचें रक्षणहि करतो. आतां आमचा व्यवहार पाहा. ज्याची दृष्टि मंद होऊं लागली आहे तोच मुलगा झेल सोडतो. झेल सोडतो म्हणून आम्ही त्यास मैदानाबाहेर काढतों. आणि मैदानाबाहेर काढलेला मुलगा चार भिंतींच्या आंत पुस्तक किंवा मोबाइल नाकाशीं धरून बसतो. मीं माझ्या त्या विद्यार्थ्यास नववींत घरीं पाठविलें, तेव्हां त्याचा नंबर कदाचित् उणे एक असेल. तो उणे तीन होण्यांत माझा वाटा किती, याचा हिशेब मला कधींच करतां येणार नाहीं.

तपासणीची सोय नाहीं असें नव्हे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, आणि २०१३ च्या फेब्रुवारींत सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतहि मुलांचा दृष्टिदोष पाहिला जातो. पथक येतें, कागद भरले जातात, आणि ते कार्यालयांतील कपाटांत जातात. संघाची यादी मात्र क्रीडासाहित्याच्या खोलींत तयार होते. या दोन कागदांची गांठ कधींच पडत नाहीं. ती पाडण्यास मोठा खर्च नको. डच नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनीं १८६२ सालीं तयार केलेला अक्षरांचा तक्ता आजहि थोडक्या पैशांत मिळतो. सहा मीटरवर मूल उभें करावें, तळहातानें एक डोळा झांकावयास सांगावें, मग दुसरा. एका वर्गास एक तास पुरतो. जून महिन्यांत, संघ निवडण्यापूर्वीं, हें एकदां व्हावें. ज्यास खालच्या ओळी येत नाहींत त्यास डॉक्टरांकडे धाडावें. आणि तोंवर त्याच्याविषयीं मत बनवूं नये. तक्त्यानें सर्वच कळतें असें नाहीं. सावलींत सहज वाचणारा मुलगा उन्हांत आंधळा होऊं शकतो. तें शिक्षकानें मैदानावर उभें राहूनच पाहावयाचें असतें.

त्या सामन्याच्या दुसऱ्या सोमवारीं मीं असा तक्ता प्रयोगशाळेच्या बाहेरील व्हरांड्यांत लावला आणि आठवीच्या त्या मुलास बोलाविलें. डावा डोळा झांकून त्यानें उजव्या डोळ्यानें शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत धडाधड वाचलें. मग उजवा डोळा झांकला, आणि वरून तिसऱ्या ओळीपाशींच तो थांबला. मीं म्हटलें, "वाच ना." तो म्हणाला, "सर, एक डोळा झांकल्यावर असेंच होतें ना? उजवा डोळाच वाचतो, डावा नुसता असतो." तेरा वर्षें तो असें समजत आला होता. दोन डोळ्यांची नजर जुळल्यावांचून चेंडू किती लांब आहे तें नेमकें कळत नाहीं, आणि त्यांत समोरून सूर्य. त्यानें हात वर केले हेंच मला आतां नवल वाटतें. डॉक्टरांनीं चष्मा दिला आहे, आणि चांगला डोळा रोज कांहीं तास झांकून ठेवावयास सांगितलें आहे. हा उपाय आणखी लहान वयांत झाला असता तर अधिक लागू पडला असता, असेंहि ते म्हणाले.

त्याचे वडील रिक्षा चालवितात. ते मला भेटावयास आले ते संकोचतच. म्हणाले, "सर, चष्मा लागला म्हणजे पोराला टीममधून काढणार काय?" तालुक्याच्या सामन्यांची यादी शनिवारीं लावावयाची होती. ती मीं खिशांतून काढून त्यांच्यापुढें धरली. त्यांच्या मुलाचें नांव सातवें होतें. त्यांनीं कागद हातीं घेतला, हातभर लांब धरला, मग आणखी लांब धरला, डोळे बारीक केले, आणि म्हणाले, "सर, तुम्हीच वाचून दाखवा. अलीकडे मला जवळचें नीट दिसत नाहीं."